खैतानमधला व्हेनेझुएलाचा हिवाळा

कुवेतची थंडी कुणाला न सांगता येते. काल सकाळी दूध आणायला खाली उतरले तर समोरची इमारत गायब. धुकं थेट खैतानच्या गल्लीत उतरलेलं, गाड्यांच्या काचा ओल्या, आणि बकाल्यावरचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला, केरळी दुकानदार कानाला मफलर गुंडाळून वाफाळता चहा पीत बसलेला. कुठल्या तरी गच्चीवरून रॉकेलच्या हीटरचा वास आला. इथल्या थंडीचा हा पहिला वास. त्यावरून कुणाला शाली आठवत असतील, कुणाला वाळवंटात तंबू ठोकून काढलेल्या सुट्ट्या. मला मात्र व्हेनेझुएला आठवतो.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. मी त्या देशात कधी पाऊल टाकलेलं नाही. तिथली भाषा मला येत नाही. हिवाळा म्हणावा तर तिथे हिवाळाच नसतो, बारा महिने घामाच्या धारा असतात, असं माझा नवरा श्रीकांत सांगायचा. तरीही दोन हजार दोन साली सुरू होऊन पुढच्या मार्चपर्यंत लांबलेलं त्या देशाचं एक वर्ष आमच्या घरी मुक्कामाला आलं होतं. पाहुणा गेला, पण त्याच्या नावाने दचकायची सवय राहिली.

श्रीकांत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, मूळचा नाशिकचा. मी त्याला अरे-तुरेच करते; सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. त्याच्या इथल्या कंपनीला व्हेनेझुएलात, समुद्राकाठच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्याचं काम मिळालं. नव्या युनिटची यंत्रणा बसवायची, ती चालू करून द्यायची आणि परत यायचं. "वर्षाचं तर काम आहे, आणि तेलाचाच देश आहे. इथल्यासारखंच सगळं," असं म्हणून तो फेब्रुवारीत गेला. इथल्यासारखंच, हे शब्द मी नंतर पुष्कळदा त्याच्या तोंडावर फेकले.

एप्रिलमधली एक दुपार. माझी दुपार म्हणजे त्याची सकाळ, त्यामुळे त्याचा फोन मला नेहमी जेवण आवरल्यावर यायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "ऐक," आणि त्याने रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. पलीकडून भांडी बडवल्याचा आवाज आला. एकदोन नाही, सगळं गाव पातेली, झारे, ताटं घेऊन खिडक्यांत उभं असावं असा. मला लहानपणचं ग्रहण आठवलं. ग्रहण लागलं की आमच्या आळीत असाच गलका व्हायचा, आणि आजोबा आम्हाला घराबाहेर पडू द्यायचे नाहीत. मी श्रीकांतला विचारलं, "ग्रहण आहे का तिकडे?" तो हसला. "राष्ट्राध्यक्षांना लागलंय. इथे राजकारण असं भांडी बडवून करतात," म्हणाला. राजधानीत मोर्च्यावर गोळीबार झाला होता, माणसं मेली होती, राष्ट्राध्यक्षांना उचलून नेलं होतं. दोनच दिवसांत तेच राष्ट्राध्यक्ष पुन्हा खुर्चीत येऊन बसले, आणि मग भांडी बडवायला दुसऱ्या बाजूचे लोक खिडकीत आले.

त्या रात्रीपासून मी बातम्या पाहायला लागले. आमची मुलगी मुक्ता तेव्हा पंधराची. ती सोफ्यावर पाय घेऊन बसायची आणि म्हणायची, "आई, रिलॅक्स. इट्स जस्ट न्यूज." ती इथेच वाढलेली, मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिला वाटायचं बातम्या टीव्हीच्या आत राहतात. मला तसं वाटत नव्हतं. खालच्या मजल्यावर सुलभाताई राहायच्या, सरकारी दवाखान्यात नर्स, मालवणच्या. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये त्या इथेच होत्या. एका सकाळी ड्युटीवरून परतताना रस्त्यात इराकचे रणगाडे उभे दिसले, आणि मग बसरा, बगदाद, अम्मान असं करत कपाळाला ठसठशीत कुंकू लावून त्या मुंबईला पोचल्या होत्या. "हिंदी", म्हणजे भारतीय, म्हटलं आणि कुंकू दाखवलं की इराकी शिपाई पुढे जाऊ द्यायचे, असं त्या सांगत. तेव्हापासून त्यांच्या घरात पर्सभर कुंकू आणि पोतंभर तांदूळ कधी संपला नाही.

ऑगस्टमध्ये श्रीकांत रजेवर आला, सप्टेंबरात परत गेला. आणि तिथे आमची खरी अडचण सुरू झाली. आखातात राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. इथे राहण्याचा परवाना म्हणजे इकामा. इकामाधारक माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की परवाना रद्द. माझा आणि मुक्ताचा परवाना श्रीकांतच्या परवान्याला बांधलेला, म्हणजे त्याचा गेला की आमचाही गेला. सप्टेंबरात गेलेला माणूस मार्च संपायच्या आत कुवेतच्या मातीवर उभा राहायला हवा होता. तसं झालं नाही तर मुक्ताची दहावी, हे घर, दहा वर्षांचा संसार, सगळं गुंडाळून आम्हाला निघावं लागलं असतं, आणि त्याला आत यायला दार उरलं नसतं.

तेव्हा मार्च फार लांब वाटत होता.

डिसेंबरात तिकडे संप सुरू झाला. साधासुधा नाही, तेलाचा संप. राष्ट्राध्यक्षांनी पायउतार व्हावं म्हणून इंजिनिअर, अधिकारी, जहाजांचे कप्तान, सगळे काम टाकून घरी बसले. भरलेली जहाजं समुद्रात नांगर टाकून उभी. तेलाच्या खाणीवर बसलेल्या देशात पेट्रोलसाठी मैलभर रांगा. पाण्यात मासा तहानलेला, म्हणतात ना, तसं. श्रीकांत फोनवर सांगायचा की लोक रात्री गाडीत झोपतात, रांगेतली जागा जाऊ नये म्हणून. स्वयंपाकाचा गॅस मिळेना तेव्हा त्याच्या घरमालकिणीने अंगणात चूल मांडली. नाताळच्या सणाला लागणारं मक्याचं पीठ दुकानांतून नाहीसं झालं. त्याच्याबरोबर पॅनलवर काम करणारा रामोन नावाचा म्हातारा ऑपरेटर होता, त्याच्या बायकोने कुठून तरी पीठ मिळवून केळीच्या पानात उकडलेला त्यांचा पदार्थ केला आणि श्रीकांतला डबा पाठवला. "पातोळ्यांसारखं दिसतं. मी कडेकडेने खाल्लं, आत डुकराचं मांस होतं," असं तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. त्या हिवाळ्यातलं आमचं ते बहुधा शेवटचं मोकळं हसणं.

कारण तिकडे बिनसत होतं तसं इकडेही आभाळ भरून येत होतं. इराकवर अमेरिका चालून जाणार, आज की उद्या एवढाच प्रश्न होता. उत्तरेकडचं वाळवंट लष्कराने बंद केलं. थंडीत लोक तिकडे तंबू टाकायला जायचे, फगा नावाचा रानातला कंद शोधायचे. त्या वर्षी कुणाला जाता येईना. महामार्गावर मातकट रंगाच्या लष्करी गाड्यांची रांग लागायची आणि तिला शेवट नसायचा. शर्कच्या मासळीबाजारात सुरमई स्वस्त झाली होती, कारण घेणारे कमी झाले होते. मी तिथे उभी राहून समुद्राकडे बघायची. राखाडी पाणी, राखाडी आभाळ, मध्ये एखादं काळं जहाज. मासेवाला विचारायचा, "भाभी, आप नहीं जा रहे?" सगळे सगळ्यांना हेच विचारत होते.

आम्ही कसे जाणार? मुक्ताची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, आणि आम्ही दोघी भारतात जाऊन बसलो असताना श्रीकांतची मुदत संपली असती तर इथली चावी समुद्रात टाकल्यासारखं होतं. शहाणी माणसं क्षेपणास्त्राला घाबरत होती आणि मी एका शिक्क्याला. आज हे वेडेपण वाटतं. पण आखातातल्या कुठल्याही घरात जाऊन विचारा, इकाम्याची तारीख चुकण्याची भीती सगळ्यांना कळेल.

जानेवारी गेला, फेब्रुवारीत संप मिटल्याचं टीव्हीने सांगितलं. मी देवापुढे साखर ठेवली. संप मिटला, पण माणसं परतली नाहीत. सरकारने संपावर गेलेल्यांना कामावरून काढून टाकलं, हजारोंनी. कारखाने चालू करायचे तर हात कुठे होते? आणि त्या धंद्यात एक नियम आहे, तो मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. पॅनलवर बसलेला माणूस, बदली माणूस येऊन खुर्चीत बसल्याशिवाय उठत नाही. भूक लागो, ताप येवो, घरी बारसं असो. समोर शेकडो दिवे आणि आकडे, त्यांच्या मागे पेटलेल्या भट्ट्या आणि दाबाखालचं तेल. एक आकडा पाहायचा राहिला तर कुणाच्या तरी घरी प्रेत जातं. तिथे आता बदली माणूस नव्हता. रामोन आणि श्रीकांत एकमेकांचे बदली झाले होते, एक उठला की दुसरा बसायचा. श्रीकांतचं काम खरं तर यंत्रणा बसवून देण्याचं. पण चालवायला कुणी नाही म्हटल्यावर तो उठणार कसा?

"तू त्यांचा नोकर आहेस का?" मी फोनवर विचारायची.

"मंजिरी, रामोन एकटा पडेल."

"आणि आम्ही?"

तो म्हणायचा, "मार्चच्या मध्यावर येतो. नक्की येतो. कंपनी माणूस पाठवतेय." कंपनी माणूस पाठवत नव्हती. इथल्या ऑफिसात मी जाऊन आले होते. तिथे आमचे कागद सांभाळणारा इजिप्शियन गृहस्थ चहा पाजायचा आणि म्हणायचा, "बुकरा, मॅडम, इन्शाल्ला." बुकरा म्हणजे उद्या. असे कितीतरी उद्या मी त्या चहाबरोबर गिळले.

मार्च उजाडला तशी भीतीला कामं सुचायला लागली. भीती रिकामी बसली की माणूस संपतो, हे सुलभाताईंचं म्हणणं. वर्तमानपत्रात सूचना छापून यायच्या की घरातली एक आतली खोली निवडा, खिडक्यांच्या फटी टेपने बंद करा, दाराखाली ओला टॉवेल लावा, पाणी आणि रेडिओ जवळ ठेवा. विषारी वायूचा हल्ला होईल अशी हवा होती. बाजारातला टेप संपला. आम्ही दोघींनी बनेद अल-गारपर्यंत जाऊन एका स्टेशनरीच्या दुकानातून उरलेली भेंडोळी उचलून आणली. सांगितली होती एक खोली. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. सुलभाताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एक खोली कित्याक? वारो काय विचारून येतलो? सगळाच बंद कर गो." म्हणून आम्ही बेडरूम बंद केली, हॉल बंद केला, न्हाणीघराची जाळी बंद केली, आणि स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या भोकावर प्लॅस्टिक लावून त्यावर टेपचे चार पदर चढवले. काम झाल्यावर मी चहा केला. घरात बाहेरचा एक आवाज येत नव्हता. मला फार सुरक्षित वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे तेव्हाचा इथला सुट्टीचा वार. मुक्ता सकाळपासून गणितं सोडवत बसली होती, तोंड एवढंसं झालेलं. विचारलं काय खाशील, तर पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "पिठलं-भाकरी आणि ठेचा." मी हरखले. तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या, जरा जास्तच टाकल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. श्रीकांत. मी हॉलमध्ये गेले.

काय बोलत होतो ते आठवत नाही. बहुतेक तेच, तू कधी येतोस आणि बघतो. एवढं आठवतं की मुक्ता आतून खोकायला लागली. आधी साधं, मग थांबेचना. "आई, आय कान्ट ब्रीद," असं म्हणत ती डोळे चोळत बाहेर आली, डोळे लालभडक. मी "काय झालं" म्हणायला तोंड उघडलं आणि माझाच घसा आवळला. नाक जळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. आणि त्याच क्षणी बाहेर सायरन सुरू झाला, खालून वर चढत जाणारा, टेप भेदून आत येणारा. सायरनची चाचणी त्या दुपारी होणार हे सकाळच्या पेपरात आलं होतं. तो पेपर मी मिरच्यांची देठं काढायला वापरला होता.

"गॅस सोडला रे त्यांनी," मी फोनमध्ये ओरडले. "मुक्ताला श्वास घेता येत नाही."

हातातून रिसीव्हर सुटला, फोन स्टुलावरून खाली फरशीवर आपटला आणि त्याचे तुकडे झाले. मी मुक्ताला ओढत बंद खोलीत नेलं, ओला टॉवेल तिच्या तोंडावर दाबला, तिला पोटाशी धरलं. मी तिच्या केसांत तोंड खुपसून रामरक्षा म्हणायला लागले आणि मला चौथी ओळ आठवेना. लहानपणापासूनची पाठ रामरक्षा. मरताना ती आठवणार नाही, याची मला भयंकर लाज वाटली. देव शपथ, मला खरंच वाटलं होतं की आम्ही मरतोय, आणि श्रीकांत ते ऐकतोय.

दारावर धपाधप थापा पडल्या. मी उघडलं नाही. मग सुलभाताईंचा आवाज आला, "अगो मंजिरी, दार उघड. काय जाळतंस तू?" त्यांच्याकडे आमची जादा किल्ली होती, तिने त्या आत आल्या, पदर नाकाला लावून तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, शेगडी बंद केली, तवा उचलून बाहेरच्या जिन्यात ठेवला आणि पंख्याच्या भोकावरचं सगळं प्लॅस्टिक एका झटक्यात ओरबाडून काढलं. तव्यावर मिरच्यांचा कोळसा झाला होता. अख्ख्या बंद घरात त्याचा खकाणा कोंडला होता.

आम्ही तिघी जिन्यात बसलो. सुलभाताई हसायला लागल्या, मुक्ता हसायला लागली, दोघींच्या डोळ्यांतून पाणी. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे श्रीकांत होता. त्याने काय ऐकलं होतं? मुक्ताचा खोकला, सायरन, माझं ओरडणं, आणि मग काहीच नाही.

सुलभाताईंच्या फोनवरून मी त्याला लावायला घेतलं. त्याच्या खोलीवरचा फोन संपापासूनच मेलेला. तो आता जिथून बोलायचा त्या कंट्रोल रूमचा नंबर संध्याकाळपर्यंत लागेना. लागला तेव्हा पलीकडून एक म्हातारा आवाज स्पॅनिशमध्ये बोलायला लागला, खूप बोलला. मी "श्रीकांत, श्रीकांत" म्हणत राहिले. त्या सगळ्यातून मला एकच शब्द कळला, "नो." तो आवाज भरून आला होता. श्रीकांत नाही, आणि हा माणूस रडतोय, याचा अर्थ मी काय लावायचा? पेटलेल्या भट्ट्या, दाबाखालचं तेल, आणि एक आकडा पाहायचा राहिला. मीच ओरडून त्याचं लक्ष उडवलं असेल. कंपनीचं ऑफिस शनिवारपर्यंत बंद होतं. शुक्रवारी मी स्वयंपाक केला, मुक्ताला गणितातलं एक प्रमेय समजावून सांगितलं, भांडी घासली, आणि हे सगळं करताना मी विधवा आहे असं धरून चालले होते. मुक्ताला काही बोलले नाही. शनिवारी ऑफिस म्हणालं की साइटशी संपर्क नाही, बुकरा.

आपण भीतीबद्दल फार थोर थोर बोलतो. मी तिला जवळून पाहिली, ती थोर नाही. ती कपडे वाळत घालताना येते, कुकरची शिट्टी मोजताना येते. मधूनच तासभर येत नाही आणि मग त्या तासाचा राग येतो, की आपण विसरलोच कसे. त्या शुक्रवारी मी वरणात मीठ बरोबर घातलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात श्रीकांत उभा होता. कारखान्यातला निळा ओव्हरऑल अंगावर, त्यावर कुणाचं तरी जाडजूड जाकीट, दाढी वाढलेली, हातात काही नाही. बॅग नाही, पिशवी नाही, खिशात फक्त पासपोर्ट. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे आलेल्या मुक्ताकडे पाहिलं. आत आला नाही. तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला, भिंतीला डोकं टेकलं, आणि त्याच्या तोंडातून एक असा आवाज आला जो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मुक्ता त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मिरच्या होत्या. फक्त मिरच्या होत्या." तेही मराठीत.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने अंघोळ केली, जेवला, झोपला. उठला की मुक्ताच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहायचा, ती अभ्यास करतेय हे बघायचा आणि परत यायचा. कंपनीच्या माणसाने त्याचा पासपोर्ट पाहून देवाचे आभार मानायला हात वर केले, "अल्हम्दुलिल्ला," म्हणाला. इकामा वाचला होता. मला आठवण करून द्यावी लागली की आपल्याला त्याची काळजी होती.

गोष्ट तुकड्यातुकड्याने बाहेर आली. फोन बंद पडल्यावर त्याने पुन्हा पुन्हा लावला, प्रत्येक वेळी एंगेज टोन. रामोन रात्रपाळी करून नुकताच घरी जायला निघाला होता. श्रीकांतने त्याला मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की माझ्या घरावर वायू सोडला, बायको-मुलगी गेली असावी. म्हाताऱ्याने त्याला खांद्याला धरून खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसला. अख्खी रात्र जागलेला माणूस. एसीच्या गारठ्यात घालायचं स्वतःचं जाकीट काढून दिलं, मुलासाठी राखून ठेवलेली पेट्रोलची कॅन दिली, आणि पाठ वळवून पॅनलकडे बघायला लागला. विमानतळ, राजधानी, मग युरोप, मग दुबई. "युरोपात फोन होता," श्रीकांत म्हणाला. "समोर उभा राहिलो. लावला नाही."

"का?"

"एंगेज होता तोवर काहीतरी शक्य होतं. वाजत राहिला असता आणि कुणी उचलला नसता, तर मग काय?"

दुबईहून येणाऱ्या विमानात मोजकी माणसं होती. उतरल्यावर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला विचारलं, सगळे चाललेत आणि तू येतोस? त्यावर तो काय म्हणाला ते त्याला आठवत नाही.

गुरुवारी पहाटे युद्ध सुरू झालं. टीव्हीवर बगदादचं हिरवट आभाळ दिसत होतं. आमच्या खिडकीबाहेर मात्र नेहमीचं राखाडी, आणि रस्ता रिकामा. श्रीकांत टीव्हीकडे बघत होता आणि एकदम म्हणाला, "रामोनला अजून माहीत नाही." मला कळायला वेळ लागला. रामोनच्या लेखी आम्ही दोघी मेलो होतो. त्या दिवशी फोनवर रडत होता तो रामोनच. माझा आवाज ऐकून त्याला कुणी नातलग बाई वाटली असेल, आणि तो मला आमच्याच मरणाचं सांत्वन देत असेल. "आज त्यालाही बातम्या दिसतील," श्रीकांत म्हणाला. "कुवेतचं नाव ऐकलं की त्याला तेच आठवेल."

सुलभाताईंनी दिलेल्या जुन्या फोनवरून त्याने नंबर फिरवायला घेतला. लाइन मिळायची आणि सुटायची. दुपार होत आली, तिकडे अजून उजाडायचं होतं, म्हणजे रात्रपाळी संपली नव्हती. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. शेवटी कुणी तरी उचलला. श्रीकांत बोलला, अडखळत, हातवारे करत, आणि बोलता बोलता त्याने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "तुझा आवाज ऐकायचाय म्हणतो."

मी म्हटलं, "मी मंजिरी. मुक्ता इथेच आहे. आम्ही ठीक आहोत." मराठीतच. पलीकडून तो म्हातारा आवाज हसला, रडला, काहीतरी मोठ्याने ओरडला, आणि त्याच्या मागे अजून दोनतीन माणसं बोलायला लागली. तो माझं नाव पुन्हा पुन्हा घेत होता, त्याच्या पद्धतीने, प्रत्येक अक्षरावर जोर देऊन.

तेवढ्यात बाहेर सायरन सुरू झाला. आज चाचणी नव्हती. श्रीकांत उठला, मुक्ताला घेऊन आतल्या खोलीकडे निघाला, दारातून मला हाताने बोलवायला लागला. कानाशी रामोन अजून हसत होता. मी दुसरा हात फोनच्या तोंडावर ठेवला आणि जेवढा घट्ट दाबता येईल तेवढा दाबून धरला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.